सेफ्टी शूज आणि मोटारसायकल

प्रश्न : चाकणच्या कारखान्यातले, पुढे पोलादी कवच असलेले सेफ्टी शूज घालूनच मी भोसरीहून मोटारसायकलने जातो. ते योग्य आहे का?

उत्तर : चपलेपेक्षा केव्हाही बरे. कवचाने बोटे छाटली जातात ही भीती अनाठायी आहे, कारण ते चेपण्याइतका भार साध्या बुटातली बोटे मुळीच सोसणार नाहीत. मात्र २०० जूलचा आघात झेलणारे हे कवच बोटांपुरतेच असल्याने, गाडी पायावर कलंडल्यास घोटा उघडाच राहतो. म्हणून घोटा झाकणारा उंच बूट घ्यावा. खरी अडचण गिअरची आहे : जाड नाकाचा बूट लिव्हरखाली अडकतो, तेव्हा मोशीच्या गर्दीत शिरण्याआधी, उभ्या गाडीवर पाय सहज सरकतो का हे पाहावे, नाहीतर मेकॅनिककडून लिव्हर किंचित वर करून घ्यावा. लेसची टोके बुटात खोचावीत.