काळविटांच्या कळपात एकच काळा नर दिसतो, मग बाकीचे नर कुठे जातात?

तुम्ही लिहिलंय की सोलापूरजवळच्या नान्नजला वीस-पंचवीस हरिणी आणि त्यांच्यात एकच काळा नर दिसला. बाकीचे नर मरतात का, हा काळा नर 'अल्फा', म्हणजे सगळ्यांवर वर्चस्व गाजवणारा, असतो का आणि सगळ्याच प्राण्यांत असं चालतं का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

मरत नाहीत. काही तर तुमच्यासमोरच असणार. काळविटाचा नर जन्मतः काळा नसतो. पहिली दोन-तीन वर्षं तो मादीसारखाच पिवळसर तपकिरी दिसतो, फरक शिंगांवरून कळतो. माद्यांना सहसा शिंगं नसतात. दुर्बीण लावून एकेक डोकं बघा, कळपात कोवळी शिंगं दिसू शकतात. उरलेले नर आपापला वेगळा कळप करून राहतात. बार्शी रोडने सकाळी जाताना ज्वारीच्या कडेला नुसत्या शिंगवाल्यांचा असा कळप मी कितीदा पाहिलाय.

मी इथलाच. आजोबांची मेंढरं होती, त्यामुळे लहानपण माळावर गेलं. तेव्हा मलाही वाटायचं की तो काळा नर त्या कळपाचा धनी आहे. तसं नसतं. तो धनी असतो जमिनीच्या एका तुकड्याचा. डोळ्याजवळच्या ग्रंथीचा स्राव गवताच्या काड्यांना पुसतो, ठरलेल्या जागी लेंड्या टाकून ढीग करतो, आणि दुसरा नर आला की मान वर करून, शिंगं पाठीवर टाकून त्याच्याकडे चालत जातो. बऱ्याचदा एवढ्यावरच भागतं, शिंगाला शिंग क्वचित भिडतं. हरिणी मात्र कुणाच्या बांधलेल्या नसतात. चरत चरत त्या एकाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जातात. तुम्ही पाहिलंत तेव्हा त्या त्याच्या तुकड्यात होत्या, एवढंच.

म्हणून माझं सांगणं असं की नराकडे नंतर बघा, आधी माद्या कुठे आणि कशा राहतात ते बघा. माद्या चारा-पाण्यामागे जातात आणि नर माद्यांमागे. एम्लेन आणि ओरिंग या दोन शास्त्रज्ञांनी १९७७ साली हा विचार नीट मांडला. माद्या एका जागी गोळा होत असतील तर थोड्या नरांना पुष्कळ माद्या मिळतात. त्या दूरदूर विखुरलेल्या असतील तर एका नराला एकच सांभाळणं परवडतं.

काळविटातच याचा सुंदर पुरावा आहे. गुजरातेत भावनगरजवळ वेळावदरला काही नर एकमेकांना खेटून, अगदी छोट्या छोट्या जागा धरून उभे राहतात. त्या जागेत खायला फारसं काही नसतं. माद्या तिथे येतात त्या नर निवडायला. अशा आखाड्याला शास्त्रात 'लेक' म्हणतात, शब्द स्वीडिश आहे, आपल्या लेकीशी त्याचा संबंध नाही. मधली जागा धरणाऱ्याला माद्या जास्त मिळतात, पण त्याला भांडावंही जास्त लागतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कविता ईश्वरन यांनी ठिकठिकाणच्या काळविटांची तुलना करून २००५ साली दाखवलं की नर असे आखाडे मांडतात की नाही, हे माद्यांच्या कळपाच्या आकारावरून सगळ्यांत चांगलं सांगता येतं. एकच जात, पण जागा बदलली की नराची वागणूक बदलते.

दुसरी चुरस डोळ्यांना दिसतच नाही. मादी एकाहून जास्त नरांशी जुगली, तर स्पर्धा तिच्या पोटात चालू राहते, शुक्राणूंची. गोरिलाचा नर दीडशे किलोच्या पुढे जातो, पण त्याचे दोन्ही वृषण मिळून साधारण ३० ग्रॅमचे. चिंपांझी त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, आणि वृषण १२० ग्रॅमच्या आसपास. गोरिला इतर नरांना आधीच दूर ठेवतो. चिंपांझीच्या मादीशी मात्र टोळीतले बरेच नर जुगतात. आमचा मेंढाही या दुसऱ्या बाजूचा. आजोबा मेंढा घेताना शिंगांच्या आधी मागून अंडं चाचपून बघायचे. त्यांनी यातलं काही वाचलेलं नव्हतं, तरी त्यांची नजर बरोबर जागी जायची.

एक गोष्ट वाचायला जड जाते, पण टाळता येत नाही. वानरांच्या टोळीत नवा नर आला की तो कधीकधी अंगावर पिणारी पिल्लं मारतो. सुगियामा या जपानी संशोधकाने हे १९६०च्या दशकात धारवाडला नोंदवलं. पिल्लू गेलं की आई लवकर माजावर येते. हे खरंच नराच्या फायद्याचं आहे की नुसता गोंधळ, यावर अनेक वर्षं वाद होता. पुढे नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांचा डीएनए तपासला, तेव्हा मारणारा नर मेलेल्या पिल्लाचा बाप नव्हता, म्हणजे तो स्वतःचं पिल्लू मारत नव्हता, असं निघालं. ते काम १९९९ साली छापून आलं.

आता 'अल्फा'. हा शब्द लांडग्यांवरून पसरला. १९४७ साली शेंकेल या अभ्यासकाने बंदिस्त लांडग्यांची वर्चस्वासाठीची भांडणं लिहिली, पण १९९९ साली लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी रानातल्या टोळ्यांवरून दाखवलं की टोळी म्हणजे बहुतेकदा आई, बाप आणि त्यांची पोरं. आपल्या नान्नजच्या माळावर लांडगेही आहेत. त्यांच्यात नर-मादी जोडीने राहतात, आणि बापही खाल्लेलं मांस ओकून पिल्लांना भरवतो. सस्तन प्राण्यांत असं जोडीने राहणाऱ्या जाती थोड्याच, २०१३ सालच्या एका मोठ्या तुलनेत त्या सुमारे ९ टक्के निघाल्या. माणसांना 'अल्फा' व्हा म्हणून शिकवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण ज्या प्राण्याचं नाव ते घेतात तो मुळात घर चालवणारा बाप आहे.

आणि तुम्ही पाहिलेला तो काळा नर? जागा धरून ठेवताना त्याचं चरणं कमी होतं, अंग झडतं. कधीतरी ताजातवाना दुसरा येऊन त्याला हटवेल, आणि तो त्या नुसत्या शिंगवाल्यांच्या कळपात जाऊन पुन्हा चरायला लागेल.