‘मी लातूरला गेले तर इथलं कोण बघणार?’

गेवराई तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी अकरावी सायन्सला, दहावीला 88 टक्के. आई-वडील बरीच वर्षं ऊसतोडीला जात होते, आता गावात पिठाची गिरणी आहे. दिवाळीनंतर मुलीनं वर्गमैत्रिणीचं लग्न 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करून थांबवलं. फोन कुणी केला ते गावाला कळलं. तेव्हापासून भावकीतली काही घरं बोलत नाहीत, दळण दुसरीकडे नेतात. मुलगी मात्र दर रविवारी गावातल्या मुलींना जमवून बैठक घेते. वडील विचारतात, ‘हिला लातूरला नीटच्या क्लासला घालावं म्हणतो. समाजसेवेनं पोट भरतं का, मॅडम?’ पत्राच्या तळाशी मुलीनं वेगळ्या शाईत एक ओळ लिहिली आहे: ‘मी लातूरला गेले तर इथलं कोण बघणार?’

भाऊ, नमस्कार. आधी तिच्या ओळीचं बघते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातूनच निघेल.

पोरी, तू एक लग्न थांबवलंस, ते बरोबरच केलंस. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 20 ते 24 वयाच्या बायकांना लग्नाचं वय विचारलं होतं. अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात 22 टक्के निघाल्या, तुझ्या बीड जिल्ह्यात जवळपास 44 आणि शेजारच्या परभणीत 48. हे का होतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. उचल, म्हणजे हंगामाआधीचे आगाऊ पैसे, कोयत्यावर मिळते आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यात आई-बाप पाच-सहा महिने उसाच्या फडात, मग वयात आलेली पोर गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? या भीतीपोटीच कितीतरी लग्नं लागतात. तिच्या आईची भीती खरी आहे. तिनं शोधलेला उपाय चुकीचा आहे.

म्हणून तुला कामाची जागा थोडी बदलायला सांगते. मांडव घातल्यावर फोन करावा लागला, तर तो करायचाच. पण तोवर खर्च झालेला असतो, पाहुणे आलेले असतात आणि फोन करणारी सगळ्यांची वैरी ठरते. तेच काम दसऱ्याच्या आधी सुरू केलं तर? यंदा कुठली घरं हंगामाला जाणार, त्यांच्या मुली कितवीत आहेत, गावच्या शाळेत हंगामी वसतिगृह मंजूर झालंय का, ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठीच्या संत भगवानबाबा वसतिगृहात जागा आहे का, फॉर्म कुणाचा भरायचा राहिलाय, याची वही करायची. पोर राहणार कुठे, याचं उत्तर आईच्या हातात आलं की निम्मी लग्नं बोलणीतच थांबतील, असं माझं मत आहे. त्यानं कुणी वैरीही होत नाही.

ही वही एकटीनं ठेवायची नाही. गावात बालविवाह रोखण्याची कायदेशीर जबाबदारी ग्रामसेवकाची आहे, बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच. अंगणवाडीताई आणि शाळेतल्या बाई यांनाही सोबत घे. आठवी-नववीतल्या चार पोरी तयार कर. तू गेल्यावर इथलं त्या बघतील.

आणखी एक गोष्ट, ही फार महत्त्वाची. थांबवलेल्या लग्नातल्या मुलीचं नाव, फोटो किंवा रील कुठेही टाकायचं नाही. अशा मुलीची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे गुन्हा आहे, आणि हेतू चांगला असला तरी सूट मिळत नाही. तिला त्याच गावात, त्याच वर्गात परत बसायचं असतं.

आता भाऊ, तुमचा प्रश्न. या कामानं पोट भरतं, पण हाताशी पदवी असेल तर. प्रत्येक जिल्ह्यात बाल संरक्षण कक्ष असतो. तिथे संरक्षण अधिकारी, समुपदेशक, कायदा व परिविक्षा अधिकारी अशी पदं असतात आणि समाजकार्य किंवा कायद्याची पदवी लागते. यातली बरीच पदं कंत्राटी आहेत, हे लपवत नाही. म्हणून माझा कल वकिलीकडे आहे. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम, कुठल्याही शाखेतून चालतो, तेव्हा सायन्स सोडायची घाई नको. राज्याची लॉ सीईटी द्यायची. छत्रपती संभाजीनगरला राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे, तिथे क्लॅट या देशपातळीवरच्या प्रवेशपरीक्षेतून जाता येतं. वकील झालेली मुलगी पोटापाण्याची वकिली करून हेही काम करू शकते, नोकरीच्या ऑर्डरची वाट बघावी लागत नाही. समाजकार्यच करायचं असेल तर टिसचं, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचं, तुळजापूरचं केंद्र 1986 पासून आहे आणि ते आपल्याच भागातल्या गावांत काम करतं. फीचं म्हणाल तर 2024-25 पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसमधल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. राहण्या-खाण्याचा खर्च वेगळा, तो धरून चाला. दाखले आत्तापासून काढून ठेवा.

लातूरबद्दल स्पष्ट सांगते. तिला डॉक्टर व्हायचं असेल तर जरूर पाठवा. पण गावापासून लांब नेण्यासाठी म्हणून नीटचा क्लास लावू नका. तसा लावलेला क्लास पोरीला शिक्षा वाटतो, आणि दोन वर्षांनी पैसाही गेलेला असतो आणि तिची उमेदही. मला त्याहून जास्त काळजी सत्कारांची वाटते. अशा मुलींना व्यासपीठावर बोलावणारे खूप असतात. हार घालतात, फोटो काढतात, आणि पोर बारावीच्या प्रॅक्टिकलच्या आठवड्यात कुठल्यातरी कार्यक्रमात बसलेली असते. बारावीची परीक्षा होईपर्यंत अशा प्रत्येक निमंत्रणाला तुम्ही स्वतः नाही म्हणा. मलालाला 2014 मध्ये सतराव्या वर्षी नोबेल जाहीर झालं, तेव्हा ती बर्मिंगहॅमच्या शाळेत केमिस्ट्रीच्या तासाला होती. बातमी कळल्यावरही तिनं त्या दिवसाचे तास पूर्ण केले. पुढे ऑक्सफर्डची पदवी घेतली.

आणि पोरी, गाव सोडून शिकायला जाणं म्हणजे पाठ फिरवणं, असं मनात आणू नकोस. 1938 साली निजामाच्या राज्यात वंदे मातरम् म्हटलं म्हणून विद्यार्थ्यांना कॉलेजातून काढलं. त्यातले पुष्कळ जण नागपूरला गेले, तिथे शिक्षण पुरं केलं. त्यांच्यातलेच कितीतरी पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामात होते.

भाऊ, गिरणीवर गिऱ्हाईक कमी झालं तरी तुम्ही पोरीला घरात कोंडली नाही, हे पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात. त्या बोलणं टाकलेल्या घरांपैकी ज्या घरच्या माणसाशी तुमचं जास्त जमायचं, त्या घरी एकदा तुम्ही एकटे जा. लग्नाचा विषय काढू नका. वसतिगृहाचा फॉर्म सोबत न्या.