नाताळ नक्की किती वाजता होतो? आमच्या घरातलं पंचवीस वर्षं जुनं भांडण

तुम्ही विचारलंय की लहानपणी घरी नाताळ कसा व्हायचा, लग्नानंतर काय बदललं आणि त्यातली आवडती परंपरा कोणती. प्रश्न साधा आहे पण उत्तर लांबणार आहे, आधीच सांगते. माझं माहेर नगरचं (आता अहिल्यानगर, पण अजून तोंडात बसत नाही) आणि प्रोटेस्टंट, सासर वसईचं आणि कॅथलिक. बाहेरच्यांना वाटतं ख्रिश्चन म्हणजे ख्रिश्चन, सगळं एकच असणार. तसं नसतं हो. देशस्थ-कोकणस्थ लग्नात आमटीत गूळ किती यावरून जे होतं ना, तेच आमच्याकडे नाताळ किती वाजता यावरून होतं. माहेरी नाताळ पहाटे चारला, सासरी रात्री बाराला.

आधी माहेरचं. अमेरिकन मराठी मिशन (अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट धर्मप्रचारकांचं) मुंबईत आलं 1813 ला आणि नगरला 1831 ला, आणि आमचे पूर्वज त्या मिशनमधून ख्रिस्ती झालेले, मूळ गाव नेवासा तालुक्यात. आमच्या चर्चमध्ये मूर्ती नाही, धूप नाही, पण पेटी, तबला, ढोलकी, टाळ सगळं आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, नंतर कितीतरी वर्षं नगरलाच होते, त्यांनी भजनं लिहिली, अभंग लिहिले, आणि ती आम्ही उपासना संगीत या आमच्या गीतपुस्तकातून अजून म्हणतो, त्यामुळे डोळे मिटून आमची उपासना ऐकलीत तर तुम्हाला वाटेल कुठल्यातरी विठ्ठलाच्या देवळात बसलोय. मुंबईच्या मैत्रिणींना हे सांगितलं की त्या म्हणतात, म्हणजे जिंगल बेल्स नाही? होतं की, शाळेच्या गॅदरिंगला होतं. घरी नव्हतं.

तर डिसेंबरच्या वीस-एकवीस तारखेपासून आमच्याकडे कॅरलची, म्हणजे नाताळच्या गाण्यांची, फेरी निघायची. रात्री जेवणं उरकून नऊ-साडेनऊला तरुण संघाची मुलं-मुली, दोन-चार मोठी माणसं, पुढे गॅसबत्ती, आणि पेटी सायकलच्या कॅरियरला बांधलेली, एकजण सायकल ढकलणार आणि एकजण पेटी पडू नये म्हणून मागून धरणार. नगरची थंडी माहीत असेल तर माहीत असेल, डिसेंबरात रात्री बोटं आखडतात, ढोलकीवाला मध्येच थांबून गॅसबत्तीवर हात शेकायचा. अशी सगळी ख्रिस्ती घरं घ्यायची, रोज वेगळा भाग, शेवटचं घर व्हायला दीड-दोन वाजायचे.

आणि यातला एक नियम होता जो मला सगळ्यात आवडायचा. फेरी दारात आली तरी घरात दिवा लावायचा नाही. आम्ही चारी भावंडं टक्क जागी, गोधडीत एकमेकांना चिमटे काढत, आईने चहाचं आधण आधीच ठेवलेलं (स्टोव्ह विझवून, परत पेटवायचा), चिवड्याच्या बश्या भरून वर पेपर झाकलेला, पण बाहेरून घर कसं झोपलेलं दिसलं पाहिजे. मग अंधारात दाराबाहेर पावलं वाजायची, कुणीतरी खोकायचं, पेटीचा एक सूर लागायचा, आणि पहिलं गाणं सुरू व्हायचं. ते पूर्ण संपेपर्यंत हलायचं नाही. संपलं की दादा (म्हणजे वडील) उठून दिवा लावणार, दार उघडणार, आणि अगदी आश्चर्य वाटल्यासारखं म्हणणार, “अरे, सलाम सलाम, या या!” आमच्याकडे नमस्काराला सलाम म्हणतात. दरवर्षी तेच नाटक, बाहेरच्यांना माहीत की आतले जागे आहेत आणि आतल्यांना माहीत की त्यांना माहीत आहे. पण धाकटा भाऊ एकदा मध्येच “आई, चिवडा!” म्हणून ओरडला आणि बाहेरचं सगळं गाणं हसण्यात बुडालं, तेव्हा दादा खरोखर चिडले होते. गाण्याचा मान असतो म्हणाले.

फराळ आमचा दिवाळीचाच. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, लाडू, सगळं. दिवाळीत शेजारपाजारची ताटं आमच्याकडे आलेली असायची आणि आई कुणाच्या ताटात काय होतं हे पक्कं लक्षात ठेवायची, कारण नाताळात तेवढंच, खरं तर जरा जास्तच, परत गेलं पाहिजे. एका काकूंनी अनारसे पाठवले की आईचा जीव जायचा, कारण आईचे अनारसे कधीच धड व्हायचे नाहीत, तेलात हसायचे. त्याची भरपाई नानकटाईने. ती मात्र घरी नाही, भट्टीवर. मैदा, रवा, पिठीसाखर, डालडा सगळं घरून मापून डब्यात घालून बेकरीत न्यायचं, तिथे नंबर लावायचा, भाजणावळ किलोवर, आणि आपला पत्रा दुसऱ्याच्या पत्र्यात मिसळू नये म्हणून एका पोराला तिथेच उभं करायचं. ते पोर मी. बेकरीवाले चाचा फुटलेली नानकटाई माझ्या हातावर ठेवायचे, एवढी गरम की या हातातून त्या हातात उडवत खायची. लोक मला विचारतात नाताळाचा वास कसला, केकचा का? माझ्यासाठी भाजलेल्या डालड्याचा, आता काय करणार.

आणि मग 25 ची पहाट. चारला प्रभात फेरी, अंधारात भजनं म्हणत चर्चपर्यंत, तिथे पहाटेची उपासना, आणि बाहेर येईतो फटफटलेलं. दादा म्हणायचे लूकच्या शुभवर्तमानात मेंढपाळ रात्री कळप राखत होते, त्यांना निरोप मिळाला, मग ते उठून गव्हाणीपर्यंत चालत गेले, म्हणजे पोचायला पहाट झाली असणार ना? यात किती तथ्य आहे विचारू नका, माणूस गणिताचा शिक्षक होता, अंतर आणि वेग काढल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. दुपारच्या एसटीने गावी आजीकडे, आणि दुसऱ्या दिवशी शेतात हुरडा. कोवळी ज्वारी, गोवऱ्यांची आगटी, लसणाची चटणी. हुरडा हा नाताळाचा पदार्थ आहे असं मी कितीतरी वर्षं समजत होते.

1999 ला लग्न झालं आणि वसईला आले. दोन्हीकडची परवानगी, सासरचे फादर, माहेरचे पाळकसाहेब (आमचे धर्मगुरू), कागदपत्रं, ते सगळं सोडून देते, तो वेगळा प्रश्न आहे, कुणी विचारला तर लिहीन. सासर वाडीतलं, विहीर, केळीची बाग, घरात सामवेदी बोली, जी मराठी आहे म्हणतात पण पहिले सहा महिने मला निम्मी कळली नाही. सासूबाई तांबडं लुगडं नेसायच्या तेव्हा, आता गुडघ्यांमुळे गाऊन.

पहिल्या नाताळात मला सगळंच उलटं वाटलं. डिसेंबर लागता लागता आगमनकाळ (नाताळाआधीचे तयारीचे चार रविवार) सुरू, चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या एक गुलाबी, दर रविवारी एक पेटवायची. आणि गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा! माझ्या माहेरी गव्हाण नाटकात असायची, एका टोपलीत पेंढा की झालं. इथे महिनाभर आधी सासरे आणि दीर कामाला लागलेले, भाताचा पेंढा, बांबू, माती, तांदूळ की नाचणी काहीतरी पेरून खरं हिरवं शेत उगवलेलं, मोटरने फिरणारं पाणी. गावागावात स्पर्धा असते गोठ्यांची आणि पुरुषमंडळी ती इतकी मनावर घेतात की एका वर्षी शेजारच्या आळीने धबधबा केलाय कळल्यावर आमच्याकडे आदल्या रात्री पाण्याची टाकी गोठ्याच्या छपरावर चढली, आणि मेंढपाळ, गाढव, तिन्ही राजे असे सगळे वाहून अंगणात आले. नवरा सांगतो की ही पद्धत संत फ्रान्सिसने 1223 साली इटलीत ग्रेच्चोला सुरू केली, खरा बैल खरं गाढव आणून. मी म्हटलं त्यांनी टाकी नव्हती चढवली.

बायकांचं खातं कुलकुल. मैदा, रवा, नारळाचं दूध, अंडं, साखर, पीठ मळायचं आणि छोट्या गोळीला काट्याच्या पाठीवर नाहीतर नव्या कोऱ्या फणीवर दाबून वळायचं, शंखासारखं, मग तळायचं. एका रात्रीत पाच-सहा किलो. आत्या, जावा, शेजारच्या पोरी सगळ्या गोल करून बसायच्या आणि गप्पा अशा की त्यातल्या निम्म्या इथे लिहिता येणार नाहीत. माझ्या पहिल्या वर्षीच्या कुलकुलांना सासूबाईंनी “अळ्या” म्हटलं होतं. मला राग आला होता, फोटो बघितला नंतर, अळ्याच होत्या. पण त्या रात्री मला पहिल्यांदा सामवेदी सगळी कळली, एवढं खरं. जेवणात सांदणं, म्हणजे माडी घालून आंबवलेल्या तांदळाच्या पिठाची वाफवलेली, आणि पोर्कचं इंद्याल. आणि घरची द्राक्षाची वाइन, बुटक्या ग्लासात. आता आमच्या मिशनच्या घरात दारू म्हणजे महापाप. दादा पहिल्यांदा नाताळाला वसईला आले तेव्हा सासऱ्यांनी प्रेमाने ग्लास पुढे केला, दादांनी विचारलं काय आहे, मी घाईघाईत म्हटलं द्राक्षाचं सरबत. दादा दोन ग्लास प्यायले, छान आहे म्हणाले, आईसाठी बाटलीत भरून द्या म्हणाले. त्यांना कळलं होतं की नाही हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तर मुख्य मुद्दा, रात्री बारा. पहिल्या वर्षी मला त्या मध्यरात्रीच्या मिस्सेला (कॅथलिकांची उपासना) जायचंच नव्हतं. मनात सारखं की माझा नाताळ चारला आहे, हे लोक चार तास आधीच उरकतायत. मैदानात मांडव, हजारो माणसं, साड्या, कोट, अत्तरं, मी मागे खुर्चीवर थंडीने नाही पण रुसून बसलेली. आणि एका क्षणी सगळे दिवे बंद झाले. पूर्ण काळोख. कुणीतरी खोकलं. मग ग्लोरिया हे स्तुतिगीत सुरू झालं आणि एकदम घंटा, सगळे दिवे, गोठ्यावरचा पडदा बाजूला. मला त्या खोकल्यानेच रडू फुटलं. नवऱ्याला वाटलं बरं वाटत नाहीये, तो पाण्याची बाटली शोधत बसला. आमच्या नगरच्या दाराबाहेर पण असंच कुणीतरी खोकायचं ना.

तरी भांडण मिटलं नाही हं. आमच्या घरच्या गोठ्यात बाळ येशू रात्री बारापर्यंत ठेवत नाहीत, गव्हाण रिकामी, मिस्सेहून आलं की घरातल्या सगळ्यात लहान पोराच्या हातून ठेवायचा. मी म्हणायचे पहाटे ठेवूया. नवरा म्हणायचा, मग रात्रभर काय मरिया माता वाट बघत बसेल? शेवटी एका नाताळाला जेवायला आलेल्या फादरांनाच विचारलं. ते हसले आणि म्हणाले, अहो आपल्याकडेच नाताळाच्या मिस्सा तीन आहेत, मध्यरात्रीची, पहाटेची आणि दिवसाची, तिन्हीचे वाचनपाठ वेगळे, आणि पहाटेच्या मिस्सेला मेंढपाळ गोठ्यात पोचतात तोच भाग वाचतात. मी लगेच नगरला फोन लावला. दादा म्हणाले, बघ, मी अंतर काढलंच होतं.

आणि गंमत म्हणजे रात्री दहानंतरच्या लाऊडस्पीकरच्या नियमांमुळे आमच्याकडची “मध्यरात्रीची” मिस्सा हल्ली लवकरच सुरू होते, बाराच्या आत आम्ही घरी येऊन कुलकुल खात बसलेले असतो. म्हणजे नवऱ्याच्या बाजूचा पुरावाच गेला. मी रोज टोमणा मारते असं त्याचं म्हणणं, मी फक्त डिसेंबरात मारते.

दादा गेले त्याला आता चार वर्षं झाली. त्यानंतरच्या पहिल्या नाताळाला मी पहाटे चारला उठले, लेकीला उठवलं, ती कुरकुरली पण आली, आणि आम्ही दोघी मागच्या दाराने बाहेर पडून पुढच्या ओट्यावर आलो. पेटी नाही, ढोलकी नाही, तिच्या मोबाईलवर सूर लावून टिळकांचं एक भजन. नवऱ्याला रात्रीच नियम सांगून ठेवला होता, दिवा नाही, हालचाल नाही, गाणं पूर्ण होऊ द्यायचं. तो बिचारा आत काळोखात बसून राहिला. सासूबाईंना मात्र कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या कडव्याला दिवा लागला, दार उघडलं, आणि गाऊनवर शाल घेतलेल्या सासूबाई काठी उगारून उभ्या, “कोण मेलंय आता या वेळेला!”

गेली तीन वर्षं त्या आधीच जाग्या असतात. दिवा लावत नाहीत, पण आतून खोकतात मोठ्याने, आम्ही सुरू करावं म्हणून.