पत्त्यांतून देणगी

प्रश्न : परदेशात मोठ्या पोकर स्पर्धांतून दानासाठी पैसा उभा राहतो. आमच्या मंडळाला पुण्यात असं करता येईल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : लास वेगासच्या २०१२च्या ‘बिग वन फॉर वन ड्रॉप’ या पोकर स्पर्धेत प्रवेश फी १० लाख डॉलर होती. ४८ खेळाडूंपैकी प्रत्येकाचे १,११,१११ डॉलर पाण्याच्या प्रकल्पांना गेले, म्हणजे सुमारे ५३ लाख डॉलर. बाकी बक्षिसांत.

इथे ही नक्कल नको. पैसे लावून पत्ते खेळवले की १८८७चा जुगारबंदी कायदा आडवा येतो; ‘हा कौशल्याचा खेळ’ हा युक्तिवाद कोर्टात करायचा, दारात आलेल्या हवालदाराशी नव्हे! देणगी थेट संस्थेच्या खात्यात घ्या, न देणाऱ्यालाही खेळू द्या, बक्षीस फक्त चषक. तरीही आधी वकिलाला विचाराच. देणगीवर आयकरात सवलत हवी असेल तर २,००० रुपयांवरची देणगी रोखीत नको.

४० जणांना ५ टेबलं, प्रत्येक खेळाडूला १०,००० किमतीच्या चिप्स (खेळापुरते नकली पैसे). ब्लाइंड (दर डावाला दोन खेळाडूंनी पत्ते बघण्याआधीच लावायच्या सक्तीच्या रकमा) ५०-१०० पासून, दर २० मिनिटांनी दीडपट-दुप्पट. चारेक तासांत निकाल. बहुतेक ठिकाणी ब्लाइंड हळू वाढवतात, खेळ लांबतो, मग मध्यरात्री हॉलवाला दिवे घालवतो. बाद झालेल्यांसाठी कॅरम मांडून ठेवा, नाहीतर ते तासाभरात घरी जातात.