विहिरीच्या काठावरचा मजकूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या विहिरींपाशी लावायच्या फलकासाठी तू पाठवलेला मजकूर दोनदा वाचला. माहिती चोख आहे, मेहनत दिसते. पण सुरुवात ‘महाराष्ट्राच्या वैभवशाली इतिहासाची साक्ष देणारा हा भव्य जलदुर्ग’ अशी आहे. हेच वाक्य विजयदुर्गावर नेऊन ठोकलं तरी कुणाला शंका येणार नाही. जे वाक्य कुठेही चालतं, ते फलकावर नको.

आधी वाचणारा डोळ्यांपुढे आण. तो मालवणच्या जेट्टीवरून होडीने आलाय. अंगावर खारं पाणी उडालंय, डोक्यावर ऊन आहे, हाताला पोर आहे आणि होडीवाल्याने परतायची वेळ सांगून ठेवलीये. तो विहिरीत वाकून बघतो. त्याच्या मनात तेव्हा सनावळी नसते. चहूकडे समुद्र, मग हे पाणी गोडं कसं, एवढंच असतं. तिथूनच सुरू कर. मी असं लिहिलं असतं :

‘चारी बाजूंना समुद्र, तरी या विहिरीचं पाणी गोडं. गडावर अशा तीन विहिरी आहेत : दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. बेटावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो, तोच इथे साठतो. शिवाजी महाराजांनी 1664 साली कुरटे बेटावर किल्ला बांधायला घेतला. वेढा पडला तरी आतल्या माणसांना तहानेपायी दरवाजा उघडावा लागू नये, ही या पाण्याची किंमत.’

एकच सन ठेवलाय बघ. 25 नोव्हेंबर ही पूर्ण तारीख दरवाजाजवळच्या फलकाला शोभेल, विहिरीपाशी ती मध्येच येते. आणि ‘बाव’ तू खोडून ‘विहीर’ केलं होतंस, ते मात्र मला लागलं. तो शब्द त्या मातीचा आहे. शेजारी ‘विहिरी’ लिहिलं की सोलापूरच्या माणसालाही अर्थ लागतो, कंस लागत नाही.

पायाचे चिरे शिशाच्या रसात बसवले, हे सांगताना ‘असं सांगतात’ हे दोन शब्द गाळू नकोस. जागा वाचवायला विशेषणं आहेत, ती काप. महाराजांच्या हातापायांचे ठसे मानतात, तिथे तर मजकूर अजून कमी कर. लोक तिथे डोकं टेकवतात. त्यांच्या आणि त्या ठशांच्या मध्ये आपण उभं राहायचं नाही.

वाचणाऱ्याच्या मनातल्या प्रश्नापासून सुरू करायचं, हे मला एका आजींनी शिकवलं. एका संग्रहालयात पितळी अडकित्त्याखाली मी त्याच्या नक्षीवर, घडणीवर भरपूर लिहिलं होतं. त्या आल्या, पाटी वाचली आणि नातवाला म्हणाल्या, “याने सुपारी कातरतात रे.” माझ्या एवढ्या मजकुरात ते कुठेच नव्हतं. त्या संध्याकाळी बसून मी सगळ्या पाट्या नव्याने लिहायला घेतल्या. आजही कुठलीही पाटी लिहिताना तो पोरगा समोर धरतो.

पावसाळ्यात होड्या बंद होतात, त्याआधी एकदा जाऊन ये. कागद बरोबर ने आणि होडीवाल्याला मोठ्याने वाचून दाखव. तो ज्या ओळीला मध्येच बोलायला लागेल, तिथे खूण कर आणि तो काय बोलला ते मला लिहून पाठव.

तुझा,
काका