धाक नको, आधी रोस्टर भिंतीवर लावा

वर्धा रोडवरच्या फॅमिली रेस्टॉरंटमध्ये तुम्ही कॅप्टन, म्हणजे वेटरांचे मुख्य, होतात आणि आता सुपरवायझर झालात. हाताखाली २२ जणांचा स्टाफ, त्यात तीन-चार वेटर वयाने मोठे. ते तोंडावर 'हो' म्हणतात आणि करतात मात्र आपल्या मनाचं. मालक म्हणतात आवाज चढव, पगार काप. म्हणून तुम्ही विचारलंत की धाक कसा बसवायचा. भाऊ, मी नागपुरातच रेस्टॉरंट आणि बँक्वेट दोन्हीकडे बरीच वर्षं फ्लोअर सांभाळला आहे, त्यामुळे थोडं लांबलचक लिहितो.

धाक आपल्या धंद्यात टिकत नाही, कारण हातात कसब असलेल्या वेटरला नोकरीची कमी नाही. आज धरमपेठेतून निघाला तर उद्या सदरला लागतो, आणि लग्नसराईत तर कॅटररवाले रोजीवर घ्यायला बसलेलेच असतात. तुम्ही ओरडलात तर नवीन पोट्टे पळतील आणि जुने गप्प बसून तुमची मजा बघतील. जुन्या वेटरला तुमचा आवाज मोजायचा नसतो. आपली सुट्टी, आपलं स्टेशन (वाट्याला येणारी टेबलं) आणि आपली टिप आता कोणाच्या मर्जीवर आहे, एवढंच तो बघतो.

म्हणून पहिलं काम रोस्टरचं, म्हणजे ड्यूटीच्या तक्त्याचं. बहुतेक ठिकाणी रोस्टर कॅप्टनच्या डोक्यात असतं, नाहीतर आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर येतं. ते बंद करा. आठवडाभराचा तक्ता किमान चार दिवस आधी स्टाफ जेवतो तिथल्या भिंतीवर लागला पाहिजे. प्रत्येकाची शिफ्ट, विकली ऑफ आणि स्टेशन त्यात लिहिलेलं हवं. स्टेशन लिहायला विसरू नका, कारण खरी भांडणं तिथेच होतात. एसी सेक्शनमधली खिडकीजवळची टेबलं आणि वॉशरूमच्या बाजूची टेबलं यांच्या टिपमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. चांगलं सेक्शन वर्षानुवर्षं एकाच माणसाकडे असेल तर ते फिरवायला सुरुवात करा. जुने कुरकुरतील, पण पहिला महिना तुम्ही स्वतःच्या ओळखीच्या कोणालाही झुकतं माप दिलं नाही हे दिसलं की कुरकुर थांबते.

विकली ऑफ ही मेहरबानी नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला सलग २४ तासांची सुट्टी आहे आणि ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे. शनिवार-रविवारी ऑफ देता येत नाही हे सगळे समजून घेतात. मंगळवारचा ऑफ सोमवारी रात्री रद्द होतो, ते कोणी विसरत नाही.

आता सणांच्या सुट्ट्या. इथे नागपूरचं कॅलेंडर पाठ असलं पाहिजे. तुमच्याकडे भंडारा-गोंदिया, बालाघाट, छिंदवाड्याचे पोट्टे असणारच. पोळ्याला त्यांना घरी जायचं असतं, आणि दिवाळीच्या आगेमागे धान कापणीला हात लागतात म्हणून गावावरून फोन सुरू होतात. त्यांना 'आजी वारली' असं सांगायची वेळ आणू नका. सप्टेंबरमध्येच विचारा, कोणाकडे किती शेती, किती दिवस लागतील. मग पाळ्या लावा, अर्धे आधी जातील, ते आले की बाकीचे. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, शहर भरून वाहतं आणि आपल्याकडे रांगा लागतात. पण तुमच्याच स्टाफमधल्या किती जणांसाठी तो धम्मचक्र प्रवर्तन दिन आहे, १४ एप्रिल त्यांच्यासाठी काय आहे, हे लक्षात घ्या. किचनमधल्या मुस्लिम कारागिरांची ईद तशीच. मी अदलाबदलीची वही ठेवायचो: ईदला कोण उभं राहणार, त्याच्या बदल्यात दिवाळीला कोण. दोघांच्याही सह्या. या एका वहीने जेवढी माणसं टिकली तेवढी पगारवाढीने टिकली नाहीत, हे मी अगदी मनापासून सांगतो. डिसेंबरच्या हिवाळी अधिवेशनात आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांना मात्र कोणालाच लांब सुट्टी नाही, आणि हेही सप्टेंबरमध्येच सांगून टाकायचं.

ब्रेक शिफ्टचं बघा. अकरा ते साडेतीन आणि पुन्हा सात ते बंद होईपर्यंत. कामठीचा किंवा हिंगण्याचा माणूस मधल्या वेळात घरी जाऊच शकत नाही. तो खुर्च्या जोडून कुठेतरी आडवा होतो आणि सात वाजता आंबलेल्या अंगाने टेबलावर येतो. मग गिऱ्हाईक म्हणतं वेटर नीट बोलत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा तर ही सरळ तब्येतीची गोष्ट आहे. कूलर असलेली एक खोली, चार गाद्या आणि प्यायला थंड पाणी एवढं मालकांकडून मिळवा. लांब राहणाऱ्यांना शक्य तिथे सरळ शिफ्ट द्या. तंदूरवाल्याला दर तासाला भट्टी सोडून बाहेर येऊ द्या, ताक-लिंबूपाणी त्याच्या हाताशी ठेवा. स्टाफचं जेवण साडेदहाला गरम मिळतं का, हे रोज स्वतः त्यांच्यासोबत बसून बघा.

टिपमध्ये लपवाछपवी असेल तर बाकी सगळं फुकट. डबा एकच ठेवा, रात्री सगळ्यांसमोर मोजा, वाट्याचं गणित कागदावर लावा, आणि भांडी घासणाऱ्या मावशींचा वाटाही त्यात धरा. ऑनलाइन आलेली टिप मालकांच्या खात्यात अडकते, ती दर आठवड्याला रोख काढून घ्या. बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावत असाल तर तेही थांबवायला सांगा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये त्याला मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती मनाई उचलून धरली. गिऱ्हाईक या मुद्द्यावर भांडतं तेव्हा समोर वेटर असतो, मालक नसतात.

पगार कापण्याबद्दल मी ठाम आहे: करू नका. फुटलेली काचेची प्लेट, बिल न देता निघून गेलेलं टेबल, हे वेटरच्या पगारातून वळतं करायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. कायद्याने दंड त्या महिन्याच्या पगाराच्या ३ टक्क्यांपुढे जाऊ शकत नाही, आणि नुकसान वसूल करायचं तर आधी त्या माणसाचं म्हणणं ऐकावं लागतं. मालकांना हे शांतपणे सांगा. सोबत फुटतुटीची वही दाखवा. बहुतेक वेळा कळतं की प्लेटा एकाच जागी फुटतात, कारण धुण्याच्या सिंकशेजारी ठेवायला जागाच नाही. मग रॅक बसवा.

फ्लोअरवर मुली असतील तर रात्रीच्या साडेनऊनंतर त्यांना थांबवायला त्यांची संमती लागते आणि घराच्या दारापर्यंत सोडायची सोय करावी लागते, हेही त्याच २०१७ च्या कायद्यात आहे. 'कोणीतरी सोडेल' यावर ठेवू नका. गाडी आणि ड्रायव्हरचं नाव रोस्टरवर लिहा. टेबलावरचा माणूस त्यांच्याशी वावगं बोलला तर ते टेबल तुम्ही स्वतः घ्यायचं, लगेच.

राहिले ते वयाने मोठे वेटर. त्यांना 'दादा', 'काका' जे आधी म्हणत होतात तेच म्हणा, आणि चारचौघांत चूक काढू नका. किचनमधून तयार ताटं मिळतात त्या पासजवळ नाही, शिफ्टआधीच्या ब्रीफिंगमध्ये तर मुळीच नाही. शटर पडल्यावर बाजूला घेऊन बोला. नवीन पोरांना टेबल लावायला, केओटी (किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी) नीट लिहायला शिकवायचं काम त्यांच्याकडे सोपवा आणि त्याचे थोडे पैसे मालकांकडून मंजूर करून घ्या. सुपरवायझरची खुर्ची आपल्याला मिळायला हवी होती असं त्यांच्यापैकी एकाला तरी वाटत असणार. त्याच्याशी पहिल्याच आठवड्यात बोला. तरीही कोणी मुद्दाम काम अडवत असेल तर तारीख-वेळ घालून लेखी समज द्या, एक प्रत मालकांकडे. दुसऱ्यांदा तेच झालं तर निर्णय मालकांचा, पण त्या माणसाचा सगळा हिशोब, राहिलेल्या सुट्ट्यांच्या पैशासकट, त्याच आठवड्यात त्याच्या हातात पडेल हे तुम्ही जातीने बघा. बाकीचे एकवीस जण तेच बघत असतात.