सेलूहून मुंबईला टुर्नामेंट खेळायला जायचंय, एफडी मोडू का?

भावा, तुझा मेसेज दोनदा वाचला. थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तू सेलूचा, वय २२, मोबाईलच्या दुकानात १३ हजारावर कामाला, त्यातले ६ हजार घरी देतोस. घरी चार एकर कोरडवाहू, बहीण बारावीला. तुमच्या बीजीएमआयच्या (मोबाईलवरचा लढाईचा गेम, पब्जीचा भारतातला अवतार) स्क्वॉडनं, म्हणजे टीमनं, ऑनलाइन राउंड काढून गोरेगावच्या फायनलला जागा मिळवली, शुक्रवार ते रविवार मॅचेस, १६ टीम. पहिल्याला १ लाख २० हजार, दुसऱ्याला ६० हजार, तिसऱ्याला ३० हजार, बाकीच्यांना काही नाही. तुझ्याकडं खात्यात २२ हजार आणि ४० हजाराची एफडी. मुंबई आजवर बघितलेली नाही म्हणून चार दिवस फिरून यायचं, असा २२ हजाराचा अंदाज, आणि वरून ३४ हजाराचा नवा फोन, कारण कॅप्टन म्हणतो जुन्या फोनवर फ्रेम ड्रॉप होतात, म्हणजे गेमचं चित्र अडकत चालतं. आणि विचारतोस की एफडी मोडू, का लोन ॲपवरून घेऊ.

आधी उत्तर सांगतो मग हिशोब. मुंबईला जा. फोन आत्ता घेऊ नको. एफडीला हात लावू नको, लोन ॲप तर उघडूच नको.

आता जा का म्हणतो ते ऐक, कारण मला माहितीय तुझ्या घरी काय चालू असेल. आई म्हणत असेल, गेम खेळायला मुंबईला कशाला जाऊलालास, यंदा सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन पाण्यात गेलं अन् हे काय नवीन. तिचं चुकीचं नाही. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५३२८ कागदावर आहे पण भिजून डागी झालेल्या मालाला तो कोण देतं, आणि अशा सालात घरातला एक कमावता पोरगा गेमसाठी पैसे घालतो म्हटल्यावर कुठल्याही आईच्या पोटात गोळा येणारच. पण तिला हेही सांग की डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ईस्पोर्ट्सला, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळायच्या व्हिडिओ गेमला, बहुक्रीडा स्पर्धांमधला खेळ म्हणून मान्यता दिली, २०२३ ला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत त्याची पदकं होती, आणि २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली तरी ईस्पोर्ट्स त्यातून वेगळं ठेवलंय. तुम्ही सट्टा खेळायला नाही चाललात. आणि तालुक्याच्या ठिकाणी राहून नेटच्या भरवशावर खेळणाऱ्या चार पोरांनी फायनल गाठली ही खरंच मोठी गोष्ट आहे, मला मनापासून आनंद झाला.

पण भावा, हा खर्च "बक्षिसातून निघेल" असं जे तू लिहिलंस ना, तिथं मी थांबलो. चल बघू. समजा तुम्ही पहिले आलात. १ लाख २० हजार. गेममधून जिंकलेल्या पैशावर आयोजक ३० टक्के टीडीएस (पैसे देण्याआधीच कापलेला टॅक्स) कापतो, म्हणजे ३६ हजार तिथंच गेले, राहिले ८४ हजार. तुम्ही चार खेळणारे आणि एक सबस्टिट्यूट, सारखे वाटले तर माणशी १६,८००. वर रिटर्न भरताना टॅक्सवरच्या ४ टक्के सेसचा, म्हणजे अधिभाराचा, फरक निघतो तो वेगळा, थोडासाच आहे. तिसरे आलात तर ३० हजारातले २१ हजार हातात, माणशी ४,२००. आणि तुझा मित्र म्हणाला की १२ लाखापर्यंत टॅक्स नाही, टीडीएस परत मिळेल, ते या पैशाला लागू नाही. पगाराला जी सूट आहे ती अशा जिंकलेल्या रकमेला मिळत नाही, सपाट ३० टक्केच, आणि त्यातून तिकीट, राहणं, जेवण असला खर्चही वजा करता येत नाही.

यातच एक गोष्ट आहे जी तुमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलेली नसणार. बक्षीस जर सगळं कॅप्टनच्या खात्यात आलं तर टॅक्स सगळा त्याच्या पॅनवर दिसतो, पैसे मात्र तो पाच जणांत वाटणार, मग उद्या नोटीस आली की उत्तर देत बसायचं एकट्यानं. म्हणून आत्ताच आयोजकांना मेल करून विचारा की रक्कम प्रत्येकाच्या पॅनवर वेगळी देता का. बहुतेक वेळा फॉर्म भरतानाच हे ठरतं, नंतर बदलायला त्रास होतो. आणि पाच जणांत वाटणी कशी, सबस्टिट्यूट एकही मॅच खेळला नाही तर त्याला किती, हे व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांनी लिहून "मान्य" म्हणा. मैत्री आहे म्हणूनच लिहा. माझ्याकडं मागं एक पोरगा आला होता, त्यांच्या टीमला बक्षीस लागलं पण आयोजकानं आठ महिने पैसे अडकवले, आणि आले तेव्हा वाटणीवरून टीम फुटली. त्या पोरानं त्या बक्षिसाच्या भरवशावर उसने घेतलेले होते, ते मात्र पगारातून फेडले.

आता तुझ्या ट्रिपचा खर्च. २२ हजार लागत नाहीत. बुधवारी रात्री सेलूहून देवगिरी किंवा नंदीग्राम एक्स्प्रेस, गुरुवारी सकाळी मुंबई. गुरुवारी रात्री निघून शुक्रवारी सकाळी पोचायचा विचार अजिबात करू नको, गाडी दोन तास लेट झाली की पहिली मॅच गेली आणि मग सगळा खर्च पाण्यात. स्लीपरचं तिकीट चारशेच्या आतबाहेर, जाऊन येऊन ८०० धर. रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे तुमच्या तारखेचं उघडून बसलंय, आज काढ. तत्काळवर राहू नको, आणि राहिलासच तर आयआरसीटीसीचं खातं आधारला जोडून ठेव, जुलै २०२५ पासून त्याशिवाय ऑनलाइन तत्काळ मिळत नाही.

राहायचं म्हणशील तर तू लिहिलंयस की मावशी कोपरखैरणेला आहे, तिच्याकडं फुकट राहता येईल. इथं मी उलटा सल्ला देतो, मॅचच्या दिवसात तिच्याकडं राहू नको. कोपरखैरणेहून गोरेगाव म्हणजे आधी ट्रान्स हार्बरनं वाशीकडं, मग हार्बर, मग वडाळ्याला उतरून गोरेगावची गाडी, दीड-दोन तास जायला आणि तेवढेच यायला, रोज. गर्दीत उभं राहून हात-मान आखडून तू तिथं स्क्रीनवर काय बघणार. त्यात फायनल रविवारी आहे आणि रविवारी मुंबईत लोकलचा मेगाब्लॉक असतो, कुठली लाइन किती वेळ बंद ते एक-दोन दिवस आधी जाहीर होतं, इकडच्या माणसाला हे माहीत नसतं आणि तो स्टेशनवर जाऊन उभा राहतो. म्हणून गोरेगाव-अंधेरी भागात डॉर्मिटरीत बेड घ्या, रात्रीचे ९०० धरू, चार रात्रीचे ३,६००. पाचही जण मिळून एक रूम घेतली तर याहून कमी बसेल, फोन करून भाव करा. मावशीकडं गुरुवारी दुपारी जेवायला जाऊन ये, तिलाही बरं वाटेल.

जेवण दिवसाला ४०० प्रमाणे पाच दिवसाचे २ हजार, लोकल-बस-रिक्षाचे ६०० (रिक्षाला पहिल्या दीड किलोमीटरचे २६ रुपये आहेत, मीटरनंच जायचं, आणि वांद्र्याच्या पुढं दक्षिणेला रिक्षा जातच नाही, तिकडं लोकल नाहीतर बस), जर्सी आणि टीमचा खर्च हजार, फिरायला एक दिवस १,५०० रुपये. झाले ९,५००. वर ३ हजार वेगळे ठेव, बॅगेत नाही, दुसऱ्या खिशात, आणि ते काही झालं तरच काढायचे. एकूण साडेबारा. मी स्वतः पहिल्यांदा मुंबईला गेलो तेव्हा दादरच्या पुलावर पाकीट मारलं होतं, वडिलांनी कापूस विकून दिलेले पैसे होते ते, आज वीस वर्षं झाली तरी तो पूल चढताना माझा हात खिशावर जातो. म्हणून हे ३ हजार मी कुणाच्याच बजेटमधून काढू देत नाही.

आणि एक खर्च तू धरलाच नाहीस, पगाराचा. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, सोमवार, आणि मंगळवारी सकाळी परत आल्यावर तू काही दुकानात उभा राहणार नाहीस, म्हणजे पाच खाडे, दिवसाला ५०० प्रमाणे अडीच हजार. तर जास्तीत जास्त १५ हजाराचा हा मामला आहे. पहिला नंबर आला तर माणशी १६,८०० येतात असं आपण वर काढलं. म्हणजे १६ टीममध्ये सगळ्यात वर येऊनही जेमतेम खर्च निघतो. म्हणून याला गुंतवणूक म्हणू नको, घरीही तसं सांगू नको. हा तू तुझ्या हौसेवर आणि शिकण्यावर केलेला खर्च आहे, तुझ्या कमाईतून, आणि तेवढा करायचा तुला पूर्ण हक्क आहे. मोठ्या टीम मॅचच्या आधी काय करतात, स्टेजवर हेडफोन लावून ओरडा ऐकू न येता कसे बोलतात, हे सेलूत बसून दिसणार नाही. खात्यातल्या २२ मधून साडेबारा गेले तरी साडेनऊ राहतात आणि एफडी जागेवर.

ती एफडी का नको मोडू म्हणतो? मोडली तर बँक व्याजात अर्धा-एक टक्का कापते, ते काही मोठं नाही. पण यंदा घरात दुसरा आधार कुठला आहे सांग. बहिणीची बारावी झाली की ॲडमिशन, वडिलांना पुढच्या पेरणीला बी-खत, आणि दवाखाना कधी सांगून येतो का. ते ४० हजार घराचे आहेत, नाव तुझं असलं तरी. अगदीच अडलं तर एफडी न मोडता तिच्यावरच बँकेतून कर्ज मिळतं, एफडीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्के जास्त दरानं, पण ते या कामासाठी नाही.

फोनचं बोलू. आधी आयोजकांना विचार, फायनलला फोन कुणाचे? बऱ्याच मोठ्या लॅन स्पर्धेत (सगळे एका जागी जमून खेळतात ती) सगळ्यांना सारखे फोन आयोजकच देतात म्हणजे कुणाला फायदा नको. तसं असेल तर तुझा ३४ हजाराचा फोन त्या तीन दिवसात बॅगेतच राहणार. आणि स्वतःचे आणायचे असतील तर मॅचपुरता दुसऱ्याचा चांगला फोन मागून दोन आठवडे आधीपासून त्यावर सराव कर, तू मोबाईलच्या दुकानात कामाला आहेस, मालकाला विचारायला काय हरकत आहे, डेमो पीस असतो. सेन्सिटिव्हिटी (बोट किती हललं की निशाणा किती हलतो ते) बसायला दिवस लागतात हे तू मला शिकवशील. नो-कॉस्ट हप्ता म्हणतोस, १२ महिने २,८३३ रुपये, पण त्यात प्रोसेसिंग फी, व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, आणि रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट तुला नाही, हे तू काउंटरच्या त्या बाजूनं रोज बघतोसच की. घरी देऊन, पेट्रोल-रिचार्ज जाऊन तुझ्याकडं महिन्याला साडेतीन हजार उरतात. हप्ता भरल्यावर सहाशे-सातशे. वर्षभर. लोन ॲपवर "महिन्याला फक्त ३ टक्के" लिहिलेलं असतं, ते वर्षाला ३६ होतं. आरबीआयच्या नियमानं प्रत्येक कर्जाआधी मुख्य माहितीचा कागद द्यावा लागतो आणि त्यात वर्षाचा खरा दर असतो, कधी काळी घ्यायची वेळ आलीच तर आधी तो बघायचा.

कॅप्टन नोकरी सोडून फुल टाइम खेळू म्हणतो त्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, पण मला वाटतं तुझ्या मनात खरं तेच आहे. तर बघ, सप्टेंबर २०२० मध्ये पब्जी मोबाईल बंद झाला. जुलै २०२१ ला बीजीएमआय आला. जुलै २०२२ ला तोही स्टोअरवरून काढला आणि मे २०२३ मध्ये परत आला. दहा महिने. ते दहा महिने पगार नसता तर तुमच्या घरचं कसं झालं असतं याचा विचार कर. खेळणाऱ्यांची चूक काहीच नव्हती, गेम दुसऱ्याच्या मालकीचा आहे, तो कधीही थांबू शकतो. म्हणून मालकाकडून रीतसर रजा घे, राजीनामा नको. एखाद्या संस्थेनं लेखी करारावर वर्षभराचा पगार दिला, तुझ्या आत्ताच्या १३ हजारापेक्षा जास्त, तर तो कागद मला दाखव, मग बोलू.

फिरायचा दिवस सोमवार ठेव, फायनल झाल्यावर, डोकं मोकळं असतं. फक्त घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, त्यामुळं गेटवेला जाऊन बोटीचं तिकीट काढू नका. सकाळी सिद्धिविनायक करा, मंगळवारची गर्दी नसते, मग गेटवे, तिथून जवळच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, संध्याकाळी मरीन ड्राइव्हला नुसतं बसा, पैसे लागत नाहीत. सीएसएमटीला गाडीच्या तासभर आधी पोचून ती इमारत बाहेरून नीट बघून घ्या, जागतिक वारसा आहे. आणि तिथं कुणी भेटून म्हणालं की चल पाचशे-पाचशे लावून कस्टम रूम, म्हणजे आपापसातली खासगी मॅच, खेळू, तर नाही म्हणायचं. नोंदणीची फी वेगळी आणि मॅचवर पैसे लावणं वेगळं, दुसरं कायद्यातही बसत नाही आणि तुझ्या साडेबारा हजारातही नाही.

आज तिकीट काढ आणि आयोजकांना दोन प्रश्नांचा मेल टाक, फोन कुणाचे आणि बक्षीस कुणाच्या पॅनवर. उत्तर आलं की मला कळव, तोवर हप्त्याच्या कागदावर सही करू नको.